काठीवरचं नाव

कोसंबटोल्याच्या चैतूनं आजवर एकशे चौदा काठ्या बनवल्या, आणि त्यातल्या एकीनंही मासा धरलेला त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नाही.

गावात विचाराल तर लोक सांगतील, चैतू मासे सोडायच्या काठ्या करतो. त्यात त्यांचा दोष नाही. सती नदीच्या काठी जन्म काढलेल्या माणसाला तुम्ही सांगून बघा, की एक साहेब कमरेइतक्या पाण्यात दिवसभर उभा राहतो, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी काठीच्या दोरीनं पाण्यावर नाचवतो, मासा धरतो, त्याच्याकडे कौतुकानं बघतो आणि परत पाण्यात सोडून देतो. "मंग घरी जाऊन खाते काय?" हा चैतूच्या बायकोचा, कमळाचा, पहिला प्रश्न होता. सतरा वर्षं झाली, तिला अजून त्याचं पटण्यासारखं उत्तर मिळालेलं नाही.

हे खूळ आणलं पुलाच्या इंजिनीअरनं. नदीवर पूल होत होता तेव्हा हा बंगलोरचा माणूस दोन वर्षं कुरखेड्याला राहिला. त्याच्याजवळ आजोबांच्या वेळची एक विलायती काठी होती आणि तिला तो लेकीसारखं जपायचा. एक दिवस ती जीपच्या दारात सापडून मोडली. बांबूचं काम जाणणारा कोणी आहे का विचारत विचारत साहेब चैतूच्या अंगणात आला. चैतूच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सूप, टोपल्या, धान ठेवायच्या ढोल्या. त्यानं मोडलेली काठी हातात घेतली, तुटलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. काठी एकसंध दिसत होती, पण आत बांबूच्या सहा कामट्या होत्या, प्रत्येक तीन धारांची, एकमेकींना चिकटवलेल्या.

"म्हंजे बांबू फोडाचा अन् मंग त्याचाच पुन्हा बांबू कराचा?" तो म्हणाला. "कायले जी?"

साहेबानं समजावून सांगितलं, ते चैतूला कळलं नाही. दुपारभर तो तुकडा वाकवत बसला तेव्हा कळलं. बांबूचा सगळा जोर सालीत असतो. सहाही कामट्यांची साल बाहेर ठेवली आणि आतला मऊ गर काढून टाकला, की केसासारखी बारीक काठीसुद्धा वाकते आणि लगेच सरळ होते. कळलं त्या दिवसापासून चैतू कामातून गेला. सुपाची मागणी घेऊन आलेल्या बायकांना तो "उद्या या" म्हणायला लागला, आणि चैतूचा उद्या कधी उजाडला नाही.

पहिल्या सात काठ्या तर मोजणीतही नाहीत, त्या चुलीत गेल्या. कमळानं त्यांच्यावर भात शिजवला आणि "बरा जाळ होते" एवढं प्रमाणपत्र दिलं. पण चैतू शिकत होता. डोंगरावरचा भरीव मानवेल बांबू, तोही पौषाच्या अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला, म्हणजे त्याला भुंगा लागत नाही. मग वर्षभर चुलीवरच्या माळ्यावर धुरात. मग कामट्या काढायच्या, निखाऱ्यावर शेकून गाठी दाबायच्या, साहेबानं दिलेल्या लोखंडी साच्याच्या खाचेत ठेवून रंधा मारायचा, इतका की बुडाशी जाडजूड असलेली कामटी शेंड्याला तांदळाच्या कणीपेक्षा बारीक व्हावी. वर आरमोरीच्या कोशाचा रेशमी धागा गुंडाळायचा. एका काठीला दीड महिना. आठवी काठी साधली. नदी तेव्हा आटलेली होती, म्हणून साहेबानं वाळूतच उभं राहून दोरी फेकून पाहिली. दोन-तीनदा फेकली आणि नुसता उभा राहिला. मग तो चैतूला म्हणाला, "उस्ताद, एक दिवस तुम्हाला हिमाचलात नेईन. बर्फाच्या पाण्यात तुमची काठी वाकलेली दाखवीन."

चैतूला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हवंसं वाटलं ते तेव्हा. आपली काठी माशानं वाकवलेली एकदा पाहायची. आता तुम्ही म्हणाल, नदी दारात आहे, काठी हातात आहे, मग पाहायची की. पण प्रत्येक काठी कुणाची ना कुणाची मागवलेली असायची, आणि दुसऱ्याच्या काठीनं आधी आपण मासा धरणं चैतूला उष्टं वाढल्यासारखं वाटायचं. स्वतःसाठी एक करावी, एवढी सवड त्याला कधी झाली नाही. पूल झाला, साहेब बंगलोरला गेला, तिथून त्याच्या मित्रांच्या मागण्या येऊ लागल्या आणि हिमाचल पुढच्या वर्षावर जात राहिलं.

साहेबानं एक रिवाज सांगितला होता. मुठीच्या वर बनवणाऱ्याचं नाव आणि काठीचा नंबर इंग्रजीत लिहायचा, वरून व्हार्निश मारायचं. चैतूची शाळा चौथीत सुटलेली. इंग्रजी अक्षर म्हटलं की त्याला एकच माणूस आठवायचा, आणि त्याच माणसापासून ही गोष्ट बिघडली. त्याचं नाव दसरू.

दसरू मूळचा कोसंबटोल्याचाच. कुरखेड्याच्या बसस्टँडसमोर त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, आणि अक्षर मोत्यासारखं. पण चैतूच्या तोंडून हे नाव तुम्ही ऐकलं नसतं. दोघं पंधरा वर्षांचे होते तेव्हा गावातले एक म्हातारे जगन्नाथपुरीहून वाळवलेला प्रसादाचा भात घेऊन आले होते. दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवशी चार वडीलधाऱ्यांसमोर दोघांनी तो एकमेकांच्या तोंडात घातला, नारळ बदलले, आणि ते महापरसाद झाले. आमच्या या झाडीपट्टीत हे नातं रक्ताच्या नात्याहून कडक. एकाची आई ती दुसऱ्याची आई, एकाच्या घरचं सुतक दुसऱ्याला. आणि त्या दिवसानंतर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, तोंडानंही नाही आणि हातानंही नाही. हाक मारायची ती "महापरसाद" अशी. कालपर्यंत तू-तू करत नदीत एकमेकांना बुडवणारी दोन पोरं त्या संध्याकाळपासून "तुमी या, तुमी बसा" करायला लागली. सगळं गाव हसलं, पण ते दोघं हसले नाहीत.

तर पहिली विकायची काठी घेऊन चैतू दुकानात गेला. दसरूनं बारीक टाक काढला, शाई घोटली आणि विचारलं, "महापरसाद, नाव कोनाचं लिवू?"

"बनवनाऱ्याचं."

दसरूचा टाक हवेतच राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खो-खो हसत सुटले.

"तुमचं नाव अन् माह्या हातानं?" दसरूनं कानाला हात लावला. "नाई जी. हात झडून जाईन माहा."

"मंग तुमचंच लिवा," चैतू म्हणाला. "काठी काई बोलते थोडीच."

असं त्या काठीवर दसरूचं नाव गेलं, आणि नंतरच्या एकशे तेरा काठ्यांवर. चैतूची मुलगी करिश्मा शाळेत इंग्रजी शिकायला लागली तेव्हा म्हणाली, "बाबा, मी लिहून देते ना तुमचं नाव." चैतू तिच्यावर खेकसला. महापरसादानं इतकी वर्षं केलेलं काम पोरीनं पुसायचं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं होतं. खरं सांगायचं तर चैतूला या गोष्टीचा मनातून अभिमान होता. नातं कसं पाळावं, तर असं. आपलं नाव घ्यायला ज्याचा हात कचरतो, असा एक माणूस जगात आहे, याचं त्याला सुख होतं. शहाणी माणसं यावर हसतील. हसू देत. शहाण्या माणसांना महापरसाद नसतात.

पैशाची भानगड यात शोधू नका. तो व्यवहार दसरूनं कायम चोख ठेवला. बाकीचं मात्र हळूहळू सरकत गेलं. काठीवर दसरूचं नाव, म्हणून फोन दसरूला. फोन दसरूला, म्हणून फोटोही दसरूचा. "महापरसाद, लांबच्या लोकाईले काय काय समजावत बसू?" तो म्हणायचा, आणि चैतूला ते पटायचं. खरा बनवणारा कोण ते बंगलोरच्या साहेबाला माहीत होतं, तेवढं पुरे होतं. मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत साहेब गेला. चैतूनं तीन दिवस रंध्याला हात लावला नाही. बाहेरच्या जगात त्याला ओळखणारा तो एकच माणूस होता, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही.

मागच्या वर्षी, धान मळून झाल्यावर, दसरूचा फोन आला. बंगलोरहून तीन पाहुणे येत आहेत. त्यांची मासे धरणाऱ्यांची मंडळी आहे. काठ्या बनवणाऱ्याला ते उन्हाळ्यात हिमाचलात नेणार आहेत, नदीवर. "साचा अन् रंधा घेऊन या," दसरू म्हणाला.

चैतूनं ते कमळाला तीनदा सांगितलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स असलेल्या करिश्मानं ऐकलं आणि त्याच आठवड्यात स्वेटर पाठवला. जानेवारीच्या भर दुपारी तो अंगात घालून चैतू आरशासमोर उभा राहिला, घामानं निथळला आणि खुशीत हसला. साहेब नाही राहिला, पण साहेबाचा शब्द खरा होणार होता.

दसरूच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. तीन पाहुणे, त्यातला एक पांढऱ्या केसांचा, मांडीवर एक काठी घेऊन बसलेला. एकाहत्तर नंबरची. चैतूनं ती लांबूनच ओळखली, तिच्या चौथ्या गाठीनं त्याला आठ दिवस छळलं होतं. दसरू कडक इस्त्रीच्या कपड्यात मधे बसला होता आणि बांबू कसा निवडायचा ते हिंदीत सांगत होता. बरंचसं बरोबर सांगत होता. इतक्या वर्षांत चैतूनंच त्याला बोलता बोलता सांगितलेलं होतं ते. चैतू साचा घेऊन पायरीवर टेकला आणि आपली ओळख कधी होते याची वाट पाहू लागला.

पांढऱ्या केसांच्या पाहुण्यानं विचारलं, "ये कौन हैं?"

"ये?" दसरू म्हणाला. "ये चैतू है. मजदूर है अपना. बांस-वांस फाड़के देता है." आणि मग चैतूकडे वळून, "ए चैतू, इकडं ये. साहेबाईले कामटी काढून दाखव."

चैतूनं मागे वळून पाहिलं. दसरूनं कोणाला हाक मारली, ते त्याला खरंच समजलं नाही. छत्तीस वर्षांत त्या आवाजात त्यानं ते नाव ऐकलं नव्हतं, आणि तो "ए" तर त्याहून नाही. मागे भिंत होती.

मजूर म्हटल्याचं त्याला काही वाटलं नाही. मजुरी त्यानं पुष्कळ केली होती. पण हे नाव लिहायला या माणसाचा हात झडणार होता, आणि आता कमीपणा द्यायचा होता तेव्हा ते कसं सुपातून धान पडावं तसं सहज पडलं. म्हणजे ही जीभ कधी अडलेलीच नव्हती. एकशे चौदा काठ्या, आणि प्रत्येक वेळी कानाला लावलेला तो हात.

अशा वेळी माणसानं रंधा आपटावा, बोंब मारावी. माझा जीव तर अजून चडफडतो. पण चैतूची अडचण ऐका. "ही काठी दसरूनं नाही, मी बनवली," एवढंच बोलायचं होतं. त्यासाठी ते नाव घ्यावं लागत होतं. समोरच्यानं नातं मोडलं होतं, चैतूनं अजून मोडलं नव्हतं. त्याची जीभ उचलेना.

तो उठला, अंगणात मांडी घालून बसला आणि कामटी साच्यात ठेवून रंधा मारू लागला. कागदाहून पातळ साल वळत वळत निघायला लागली. पांढऱ्या केसांचा पाहुणा खुर्चीतून उठून त्याच्याजवळ उकिडवा बसला. त्यानं चैतूच्या हातांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या काठीकडे, मग पुन्हा हातांकडे. हळू आवाजात त्यानं विचारलं, "आप बनाते हैं क्या?"

चैतूनं मान वर करून दसरूकडे पाहिलं. आता तरी तो बोलेल, असं त्याला वाटलं. देवाशपथ वाटलं. दसरू मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होता.

"नाम लिखा है ना साहब काठी पे," चैतू म्हणाला. "पढ़ लो."

पाहुण्यानं पुन्हा एकदा नाव वाचलं आणि तो खुर्चीवर जाऊन बसला. एप्रिलमध्ये दसरू हिमाचलला गेला.

चैतूनं घरी येऊन साचा माळ्यावर टाकला. कमळाला दोन दिवसांनी त्यानं सगळं सांगितलं, तिसऱ्या दिवशी ती कुरखेड्याला जाऊन दसरूची अब्रू काढायला निघाली, आणि त्यानं तिला अडवलं. "त्याईच्या आईले काय वाटन?" तो म्हणाला. दसरूची म्हातारी आई अजून त्याला "बाबू" म्हणायची. कमळानं डोक्यावर हात मारून घेतला. त्या दिवसापासून चैतू सूप विणायला लागला. गावातल्या बायका खूश झाल्या, त्यांचा उद्या अखेर उजाडला. विणता विणता मधेच त्याचे हात थांबायचे, आणि तो स्वतःशीच "ए चैतू" म्हणून बघायचा. कसं म्हटलं असेल, केव्हापासून म्हणत असेल, आपल्या माघारी कायम असंच म्हणत आला असेल का. या शेवटच्या प्रश्नानं त्याला जेवण जाईना. पंधराव्या वर्षापासूनचं सगळं त्याला खोटं वाटायला लागलं होतं.

मेच्या शेवटी, भर दुपारी दसरू आला. अंगणातल्या बाजेवर बसला, पाणी प्याला, हिमाचलच्या थंडीबद्दल बोलला. चैतू सूप विणत राहिला. मग दसरूनं मोबाइल काढून त्याच्यासमोर धरला.

चैतूला पाहायचं नव्हतं. पण त्यानं पाहिलं. दगडांतून उसळणारं हिरवं पाणी, पाण्यात उभा असलेला तो पांढऱ्या केसांचा माणूस, आणि त्याच्या हातात एकाहत्तर नंबरची काठी, कमानीसारखी वाकलेली. शेंड्यापासून वाक सुरू होऊन हळूहळू बुडाकडे उतरत होता, कुठंही अडत नव्हता. चौथ्या गाठीवरही नाही. मासा जोरानं पळाला, काठी आणखी वाकली, मग सरळ झाली. चैतूचे डोळे भरले. सतरा वर्षं जे पाहायचं होतं ते त्यानं पाहिलं, आणि तेही याच माणसाच्या हातातल्या मोबाइलवर.

"आठ काठ्याईची मागनी आहे," दसरू म्हणाला. "तुमच्याबिगर कोन करन? महापरसाद, चुकलं माह्यं. साहेब लोकाईसमोर काय बोलून गेलो, माह्यं मलेच नाई समजलं. पन मी दुरुस्त करून राह्यलो. हे पाहा."

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. वर इंग्रजीत आणि खाली मराठीत, त्या मोत्यासारख्या अक्षरात एकच शब्द होता. चैतू.

"आता हरेक काठीवर हेच लिवीन," तो म्हणाला. "माह्यं नाव बंद."

चैतूनं कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. शाई सुकलेली होती, घाईनं लिहिलेलं नव्हतं.

"किती खेपा लिवून पाह्यलं?" त्यानं विचारलं.

"पाच-सहा खेपा. चांगलं यावं म्हनून."

"हाताले काई झालं नाई?"

दसरू आधी हसला आणि मग त्याला प्रश्न समजला. "आता ते जुनं कोन पाळते जी," तो खाली बघत म्हणाला. "जमाना कुठी गेला."

"मी पाळत होतो," चैतू म्हणाला. "मले काठीवर माह्यं नाव नाई पाह्यजे होतं. हिमाचल बी एक वेळ नसतं पाह्यजे होतं. तुमच्या तोंडात माह्यं नाव नाई पाह्यजे होतं. तेवढंच पाह्यजे होतं मले."

त्यानं कागदाची होती तशी घडी घातली आणि ती दसरूच्या शेजारी बाजेवर ठेवली. आत भांडी वाजली. कमळा कितीही तापलेली असली तरी दारी आलेल्या महापरसादाला उपाशी पाठवणारी नव्हती. "महापरसाद, हात धुवा जी," तिनं आतून हाक दिली. "ताट वाढलं आहे."

"राहू दे," चैतू म्हणाला. "दसरूभाऊले घाई आहे."

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्याच्या तोंडून निघालं. निघताना कुठंच अडलं नाही, आणि त्याचंच त्याला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.